ब्लॅक घोस्ट अंधारात पाइपमध्ये सारखा मागे-पुढे का डुलतो?

टाकीवेडा

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच इथे लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. माझ्याकडे साडेतीन फुटी टँक आहे, त्यात एक ब्लॅक घोस्ट नाइफफिश, साधारण सहा इंचाचा, आठ महिने झाले आणून. दुकानदाराने सांगितलं होतं की याला लपायला जागा लागते म्हणून पारदर्शक अॅक्रिलिकचा पाइप ठेवलाय, दिवसभर त्यातच पडलेला असतो, तिथपर्यंत ठीक. पण परवा लाइट गेली, इन्व्हर्टर पण बसलेला, मी मोबाइलचा टॉर्च अगदी मंद करून बघितलं तर हा पाइपच्या आतच मागे-पुढे, मागे-पुढे करतोय. म्हणजे पाइप सोडत नाहीये, पण दोन-तीन सेंटिमीटर पुढे येतो, परत मागे जातो, परत पुढे. वळत नाही हां, तोंड तिकडेच, तसाच रिव्हर्स गिअर टाकल्यासारखा मागे. अंग काठीसारखं ताठ आणि पोटाखालची ती लांब झालर तेवढी थरथरतेय.

मला वाटलं घाबरला असेल. मग जुना सीसीटीव्ही कॅमेरा होता घरात, नाइट व्हिजनवाला, तो काचेसमोर लावून ठेवला दोन रात्री. रोज तेच. टँकची लाइट चालू असली की जवळपास स्थिर, लाइट बंद झाली की डोलणं सुरू. आणि डोलणं एका तालात पण नाही, मध्येच एकदम झटका मारतो, मग थोडा वेळ हळूहळू, परत झटका.

अमोनिया शून्य, नायट्रेट २० च्या आसपास, तापमान २७. खातो व्यवस्थित, ब्लडवर्म दिले की तुटून पडतो. हे आजारपण आहे का काय आहे? कुणाकडे असं होतंय का?

कोथरूडचा मासेवाला

दादा माझ्या मते स्ट्रेस आहे. साडेतीन फुटी टँक या माशाला पुढे कमीच पडणार, तो दीड फुटाच्या घरात जातो. प्राण्यांना जागा कमी पडली की तेच तेच करत राहतात, झू मध्ये वाघ पिंजऱ्यात येरझाऱ्या घालतो बघा, तसं. ३० टक्के वॉटर चेंज करा, थोडं खडे मीठ टाका आणि दोन दिवस लाइट कमी ठेवा.

सर्किटबाई

मीठ टाकू नका!! आधी हे वाचा मग टाका. एक तर या माशाचे खवले अगदी बारीक असतात, मीठ आणि औषधं त्याला लवकर बाधतात. आणि दुसरं म्हणजे हा मासा विजेवर "बघतो", मीठ टाकलं की पाण्याची वाहकता वाढते आणि त्याने पाण्यात उभं केलेलं व्होल्टेजच बसतं. हे मासे मूळचे अॅमेझॉन खोऱ्यातले, तिथल्या बऱ्याच नद्यांचं पाणी इतकं मऊ की त्यात क्षार जवळजवळ नसतातच. आपलं बोअरचं पाणी त्याला आधीच जड.

आता डोलण्याबद्दल. हा आजार नाही. मी एमटेकला कंट्रोल सिस्टिमवर काम करताना याच वागण्याची मॉडेलं चाळली होती, म्हणून जरा लांबण लावते, कंटाळा आला तर सोडून द्या.

या माशाच्या शेपटीकडे एक वीज-अवयव असतो. इलेक्ट्रिक ईलसारखा झटका देणारा नाही, अगदी क्षीण, तुम्ही हात घातला तरी काही कळणार नाही. पण तो कधीच बंद होत नाही, झोपेत पण नाही, सेकंदाला साधारण हजार वेळा. त्यामुळे माशाभोवती कायम एक विजेचं क्षेत्र असतं आणि त्याच्या सगळ्या कातडीवर त्या क्षेत्राचं व्होल्टेज मोजणारे सेन्सर असतात, ब्लॅक घोस्टच्या अंगावर हजारोंनी, पुढे डोक्याकडे जास्त दाट. आता समजा शेजारी एखादी अळी आली. अळी पाण्यापेक्षा चांगली वाहक, मग विजेच्या रेषा तिच्याकडे ओढल्या जातात आणि तिच्यासमोरच्या कातडीवर व्होल्टेज किंचित वाढतं. दगड आला, प्लॅस्टिक आलं, तर रेषा त्याला वळसा घालून जातात आणि तिथे कातडीवर व्होल्टेज किंचित पडतं. म्हणजे मासा स्वतःच टॉर्च आणि त्याची कातडी म्हणजेच डोळ्याचा पडदा. फक्त या टॉर्चला भिंग नाही, त्यामुळे चित्र कायम धूसर, आणि वस्तू जरा लांब गेली की चित्र पसरतं आणि पुसट होतं. डॅफ्नियासारखा दोन-तीन मिलिमीटरचा जीव त्याला दोन-तीन सेंटिमीटरवरून कळतो, त्याच्यापलीकडे नाही. पुरे झालं तेवढं, अळी खायला तेवढंच लागतं.

आणि आता खरी गोम. हे सेन्सर "किती आहे" यापेक्षा "किती बदललं" हे जास्त सांगतात. तेच व्होल्टेज थोडा वेळ तसंच राहिलं की ते त्याला सरावतात आणि गप्प होत जातात. म्हणजे मासा पाइपमध्ये अगदी स्थिर बसला तर पाइप हळूहळू "दिसेनासा" होणार. मग काय करायचं? स्वतःच हलायचं. आपण हललो की पाइपची कड कातडीवरून सरकते, सेन्सर परत बोलायला लागतात.

साडीच्या दुकानात आई काय करते आठवा. पदर नुसता हातावर ठेवून सुती आहे की मिक्स आहे ते कळत नाही, ती चिमटीत धरून चोळून बघते. तुमचा मासा रात्रभर पाइप चोळून बघतोय.

टाकीवेडा

बाई तुम्ही तर डोळेच उघडलेत. मीठ नाही टाकत. पण मग लाइट असताना का नाही करत? तेव्हा पण पाइप तोच आणि वीज पण तीच की.

सर्किटबाई

कारण लाइटमध्ये त्याला डोळे पण आहेत. बारीक असतात, पण पाइपची कड दिसण्याइतके चालतात. माहिती दोन रस्त्यांनी येतेय म्हटल्यावर चोळून बघायची गरज कमी.

हे नुसतं माझं मत नाही. तुमच्या ब्लॅक घोस्टचा एक चुलतभाऊ आहे, ग्लास नाइफफिश, शास्त्रीय नाव आयगेनमानिया. त्याला पण असं नळकांड्यात बसायला आवडतं, इतकं आवडतं की नळकांडं मागे-पुढे सरकवलं तर हा आतल्या आत त्याच्याबरोबर सरकतो, मधला बिंदू सोडत नाही. लॅबवाल्यांना सोन्याची खाण, मासा स्वतःहून सिग्नल फॉलो करतोय, शिकवायला पण नको. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सचे नोआ कोवन आणि न्यू जर्सीतले एरिक फॉर्च्युन, या दोघांच्या टीमने यावर बरीच वर्षं काम केलंय. २०१२ च्या त्यांच्या पेपरात आलं की उजेडात मासा नळकांड्याचा नीट पाठलाग करतो, आणि अंधारात पाठलाग तर करतोच पण वर स्वतःचं जास्तीचं मागे-पुढे डोलणं घालतो. तुम्ही सीसीटीव्हीत जे पकडलं तेच.

शंकासुर

मला हे पटत नाहीये, सॉरी. अंधारात जास्त हलतो हे मान्य. पण त्याचं साधं कारण असू शकतं की अंधारात त्याला नीट जागा राखता येत नाही. मी डोळे मिटून एका पायावर उभा राहिलो तर मी पण डोलेन, म्हणून काय मी "डोलून माहिती गोळा करतोय" असं म्हणायचं का? तो तोल सावरतोय, झालं. हलणं आणि जाणणं एकत्र दिसलं म्हणजे एकासाठी दुसरं होतंय असं थोडंच आहे.

सर्किटबाई

शंकासुर, नाव शोभतं तुम्हाला. आणि शंका अगदी योग्य आहे, त्या लोकांना पण हीच पडली होती, आणि त्यावर त्यांनी जो प्रयोग केला तो मला अजून पण आठवला की मजा वाटते. २०१८ चा पेपर, करंट बायोलॉजी या जर्नलमध्ये, देबोज्योती बिस्वास पहिले लेखक.

त्यांनी काय केलं, नळकांडं मोटरला जोडलं आणि मोटर कॉम्प्युटरला आणि कॅमेरा माशावर. आता मासा एक सेंटिमीटर पुढे गेला की कॉम्प्युटर त्याच क्षणी नळकांडं पण थोडं पुढे नेणार. म्हणजे मासा हलतोय, पण नळकांडं पण त्याच्याबरोबर येतंय, त्यामुळे कातडीवरून पाइपची कड जेवढी सरकायला हवी तेवढी सरकतच नाही. किंवा उलटं, मासा पुढे गेला की नळकांडं मागे न्यायचं, म्हणजे थोडंसं हललं तरी दुप्पट सरकल्यासारखं वाटेल.

आता तुमच्या तोल-सावरण्याच्या हिशोबाने बघू. नळकांडं बरोबर येतंय म्हणजे जागा राखायचं काम सोपं झालं, मासा नळकांड्याच्या बाहेर पडायची भीतीच कमी, मग डोलणं कमी व्हायला हवं. झालं उलटं. नळकांडं बरोबर येतंय म्हटल्यावर मासा आणखी जोरात डोलायला लागला. आणि नळकांडं उलट दिशेला नेलं तर डोलणं कमी केलं. म्हणजे त्याला किती हलायचं हे महत्त्वाचं नाहीच, कातडीवरून चित्र किती सरकतंय ते त्याला एका ठराविक मापात ठेवायचंय, आणि त्यासाठी तो हलणं कमी-जास्त करतोय. चहात साखर कमी पडली की आपण घालतो, जास्त झाली की दूध ओततो, लक्ष चवीवर असतं चमच्यावर नाही.

एका पायावर उभं राहून डोलणारा माणूस असं करणार नाही.

शंकासुर

हं. हा प्रयोग चांगला आहे, मान्य. नळकांडं बरोबर आल्यावर जास्त डोलला हा भाग मला तोडता येत नाहीये.

पण मग दुसरी शंका. मासा हलला की त्याच्या स्वतःच्या हलण्यानेच सगळं व्होल्टेज बदलणार ना? शेपूट वाकली तर अवयवच जवळ आला, कातडीवर केवढा फरक पडेल, अळीमुळे पडतो त्याच्या कितीतरी पट. मग या गोंगाटात त्याला पाइपची कड सापडते कशी?

गजनाक

यावर मी बोलू का, माझ्याकडे एलिफंटनोज आहे आणि त्याच्यावर जरा वाचन झालंय.

एलिफंटनोज आफ्रिकेतला, घोस्ट दक्षिण अमेरिकेतला, दोघांचं नातं अगदी लांबचं आणि वीज दोघांनी वेगवेगळी "शोधली". पण अडचण दोघांना सारखीच, शंकासुर म्हणतात ती. आणि उपाय पण सारखाच निघाला. यांच्या मेंदूत, आपल्या छोट्या मेंदूसारखी रचना असलेला एक भाग आहे, तो शिकतो की मी असं केलं की कातडीवर असं असं होतं, आणि मग त्याचं बरोब्बर उलटं चित्र तयार करून आलेल्या सिग्नलमधून वजा करतो. कर्टिस बेल यांनी १९८१ मध्ये हे एलिफंटनोजच्याच कुळातल्या माशांत दाखवलं. हे उलटं चित्र जन्मजात कोरलेलं नाही, काही मिनिटांत नवीन शिकतो. पुढे जोसेफ बॅस्टियन यांनी घोस्टच्या कुळात पण तसंच दाखवलं, शेपूट हलल्याने सगळ्या अंगावर जो एकसारखा बदल होतो तो पुसला जातो आणि अंगाच्या एका छोट्या भागावर पडलेला बदल, म्हणजे अळी, शिल्लक राहते.

म्हणजे जे दरवेळी ठरल्यासारखं होतं ते कापलं जातं. पाइपची कड कुठे आहे, अळी कुठे आहे, हे आधी ठरलेलं नसतं म्हणून ते कापलं जात नाही. आपण स्वतःला गुदगुल्या केल्या तर होत नाहीत ना, तसलाच प्रकार.

अजून एक गोष्ट, माझ्याकडे रोज बघायला मिळते. माझ्या माशाचं ते "नाक" म्हणतात ते नाक नाहीच, हनुवटी आहे, आणि त्याच्यावर सेन्सर सगळ्यात दाट. वाळूवरून जाताना ती हनुवटी तो डावी-उजवी, डावी-उजवी अशी फिरवत जातो, आंधळा माणूस पांढरी काठी फिरवतो तशी. आणि नवीन काही टाकलं टँकमध्ये, परवा मी एक शिंपला टाकला, तर आधी हनुवटी टेकवून बघतो, मग वळतो आणि शेपूट पुढे करून मागे-पुढे घासल्यासारखा त्याच्या बाजूने फिरतो, मग परत हनुवटी. पंधरा मिनिटं शिंपल्याची चौकशी चालू होती, पोलीस पण एवढी करत नाहीत. या हालचालींची नोंद संशोधकांनी १९७० आणि ८० च्या दशकातच करून ठेवलीय, प्रत्येकीला वेगळं नाव पण दिलंय.

आणि याचा मेंदू शरीराच्या मानाने एवढा मोठा की शरीर जेवढा ऑक्सिजन वापरतं त्यातला सुमारे ६० टक्के एकट्या मेंदूला जातो. माणसाचा २० टक्के. म्हणून म्हणतो एलिफंटनोजला कमी जागेत ठेवू नका, बोअर होतो. (हे शेवटचं माझं मत, पेपर मागू नका.)

सर्किटबाई

गजनाक मस्त. एक फरक फक्त जोडते. तुमचा एलिफंटनोज वीज टिक, टिक, टिक अशी सुट्या ठोक्यांत सोडतो, त्यामुळे त्याला काही इंटरेस्टिंग दिसलं की तो ठोकेच वाढवू शकतो, कॅमेऱ्याचं फ्रेम रेट वाढवल्यासारखं. ब्लॅक घोस्ट मात्र एका सुरात सतत गुणगुणतो, त्याचा रेट जवळपास बांधलेला. त्याला जास्त बघायचं तर अंगच हलवायला लागतं.

पेटीवाले काका

मंडळी सुरांचा विषय निघाला म्हणून मध्ये पडतो. मी हार्मोनियम दुरुस्त करतो, मासे पाळतो ते नातवाच्या हट्टापायी. त्याने कुठेतरी वाचलं की या माशाची वीज ऐकता येते म्हणून आम्ही दोघांनी उद्योग केला. दोन तांब्याच्या तारा, टोकं सोललेली, टँकच्या दोन कडांना पाण्यात सोडल्या आणि बॅटरीवर चालणारा छोटा अँप्लिफायर-स्पीकर असतो त्याच्या माइकच्या पिनेला जोडल्या. परत सांगतो बॅटरीवरच, घरच्या लाइटला जोडलेलं काहीही पाण्यात सोडायचं नाही, आणि तारा पण ऐकून झालं की लगेच काढायच्या, तांबं पाण्यात राहिलं तर माशाला विष. आधी नुसता घूं घूं आवाज, तो पंप आणि हीटरचा, ५० हर्ट्झचा. हीटर आणि पंप पाच मिनिटं बंद केले आणि मग आला बघा. एक सरळ, न थांबणारा बारीक सूर, जसा कुणी शिट्टीच्या टोकाला फुंकर धरून बसलाय.

पेटी आणून जुळवला. वरच्या सप्तकातली पांढरी सात, किंचित वर. म्हणजे हजार हर्ट्झच्या जवळपास. आणि एवढा स्थिर की मी चाळीस वर्षं पेट्या लावतोय पण असा न हलणारा सूर बघितला नाही. डिसेंबरात हीटर बिघडला होता, पाणी २४ वर आलं तर सूर उतरून पांढरी सहाला आलेला. हीटर चालू केला, संध्याकाळपर्यंत परत सातवर. थंडीत वीज-अवयवाला हुकूम सोडणाऱ्या पेशी हळू चालतात असं नातू म्हणाला.

पण मला सांगायचं ते वेगळं. मासा तारेजवळ येऊन डुलायला लागला की स्पीकरमधला आवाज लहान-मोठा होतो, सूर तोच पण आवाज येतो-जातो, येतो-जातो, समईची ज्योत हलावी तसा. सर्किटबाईंनी लिहिलेलं "बदललं की बोलतात" ते वाचलं आणि मला तो आवाज आठवला. त्याच्या कातडीला पण हेच ऐकू येत असणार.

शंकासुर

काका हे भारी आहे. दोन मासे असले तर काय होतं, दोन सूर?

पेटीवाले काका

आमच्याकडे एकच आहे. पण दोन सूर जवळजवळ आले की पेटीत पण ठोके पडतात, वाँव वाँव वाँव, तसे पडणारच.

सर्किटबाई

पडतात, आणि त्या ठोक्यांनी माशाचं बघणं बिघडतं. म्हणून ग्लास नाइफफिश फार हुशारीने वागतो, शेजाऱ्याचा सूर आपल्या सुराच्या फार जवळ आला तर वरचा आणखी वर जातो, खालचा आणखी खाली, भांडण नाही काही नाही. हे वातानाबे आणि ताकेदा या जपानी शास्त्रज्ञांनी १९६३ मध्येच दाखवलं. एका टँकमध्ये दोन घोस्ट ठेवू नका असं दुकानदार सांगतात ते मारामारी करतात म्हणून, पण आता दुसरी पण गंमत कळली.

टाकीवेडा, तुम्ही लिहिलंय "अंग काठीसारखं ताठ आणि झालर थरथरतेय", त्याबद्दल लिहायचं राहिलं. हे ताठपण मुद्दामचं आहे. बाकीचे मासे अंग वळवत पोहतात. याने अंग वळवलं तर त्याची बॅटरी आणि पडदा दोन्ही वाकडे होणार, चित्राची वाट. म्हणून अंग सरळ ठेवून सगळं काम झालरीवर. पहिल्यांदा हे नीट ओळखलं केंब्रिजच्या हान्स लिसमन यांनी. त्यांचा मासा आफ्रिकेतला जिम्नार्कस, त्याची झालर पाठीवर असते, याची पोटाखाली. लिसमन यांना कोडं पडलं होतं की हा मासा उलटा पोहत जातो आणि मागच्या कशालाही धडकत नाही, डोळे तर पुढे आहेत. १९५१ मध्ये त्यांनी दाखवलं की तो सतत वीज सोडतो, आणि १९५८ मध्ये माशिन यांच्याबरोबर, की बाहेरून एकसारखी दिसणारी सच्छिद्र भांडी, पण आत एकात वाहक, एकात वीजरोधक, हा मासा बरोबर वेगळी ओळखतो.

आणि झालर नीट बघा एकदा, शक्यतो स्लो मोशनमध्ये. स्थिर असताना लाट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात नाही. दोन लाटा असतात, एक पुढून मागे, एक मागून पुढे, आणि मध्ये कुठेतरी भेटतात. दोघी बहिणी चादरीची दोन टोकं धरून झटकतात तशा. एक लाट माशाला पुढे ढकलते, दुसरी मागे, हिशोब शून्य. बघणाऱ्याला वाटेल काय वाया शक्ती घालवतोय. पण भेटायची जागा जरा इकडे सरकवली की मासा पुढे, तिकडे सरकवली की मागे, ब्रेक मारायची गरज नाही, वळायची गरज नाही. आणि दोन उलट जोर सतत चालू असल्यामुळे पाण्याच्या बारीक धक्क्याने तो भरकटत पण नाही. कोवन यांच्याच लॅबमधल्या शाहिन सेफाती यांनी २०१३ मध्ये याचं गणित मांडलं, रोबोट-झालर बनवून तपासलं पण. कंट्रोलच्या क्लासमध्ये आम्हाला शिकवलेलं असतं की चपळपणा हवा तर स्थिरता सोडा, स्थिरता हवी तर चपळपणा. या माशाने तो धडा वाचलेला नाही.

कोथरूडचा मासेवाला

मीठ टाका म्हणालो ते मागे घेतो बाबा. 🙏 पण टँक मोठा घ्या हे अजून पण म्हणतोय.

टाकीवेडा

मोठा टँक दिवाळीनंतर, बायकोला पटवतोय.

पाच दिवस झाले, अपडेट देतो. तुम्ही सगळ्यांनी लिहिलं म्हणून मी जरा घरगुती प्रयोग केला. अॅक्रिलिकचा पाइप काढला आणि प्लंबिंगचा पांढरा पीव्हीसी तुकडा टाकला, बाजूने दोन खिडक्या कापून. कॅमेरा तसाच. पहिल्या रात्री या नवीन पाइपमध्ये तो शिरायलाच तयार नाही, दीड तास नुसता बाहेरून चक्कर, पुढून जायचं मग त्याच बाजूने उलटं यायचं, अंग पाइपला जवळजवळ चिकटवून. मग शिरला, आणि आत शिरल्यावर जे डोललाय, मी पाच मिनिटांत ऐंशीच्या वर मोजले, नंतर मोजायचा कंटाळा आला. चौथ्या रात्री तसेच पाच मिनिटं मोजले तर तीस-पस्तीस. पाइपची ओळख झाली बहुतेक. एका माशावर एकदा केलेलं आहे, शंकासुर लगेच अंगावर येऊ नका.

आणि ते झटके जे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिले होते, हळूहळू मग एकदम झटका, त्याला काही अर्थ आहे का?

शंकासुर

येत नाही अंगावर. पण पाइप बदलला त्याच दिवशी वॉटर चेंज पण केलात का? खरं सांगा.

टाकीवेडा

…केला होता.

शंकासुर

बघा म्हणजे. परत करा, या वेळी पाण्याला हात न लावता.

सर्किटबाई

😂 बरोबर आहे त्यांचं.

झटक्यांना अर्थ आहे. याच टीमचा २०२३ चा पेपर आहे, नेचर मशीन इंटेलिजन्समध्ये. माशाच्या वेगाची नोंद काढून बघितली तर दोन वेगळ्या पद्धती दिसतात, एक संथ, जागेवर राहण्याची, आणि एक तुमच्या झटक्यांची, शोधण्याची. मासा या दोन्हीत सारखा अदलाबदल करत असतो. आपण नक्की कुठे आहोत याची खात्री कमी झाली की झटका, खात्री आली की परत संथ. म्हणून उजेड कमी तर झटके जास्त. तसंच चित्र त्यांना दुसऱ्या प्राण्यांच्या आधीच्या नोंदींत पण सापडलं, अगदी अमीबापासून माणसापर्यंत. माणूस पण डोळे एका जागी रोखतो तेव्हा ते बारीक बारीक थरथरत असतात, आणि १९५० च्या दशकात लोकांनी बुबुळाला बसवलेल्या लेन्सच्या युक्तीने चित्र डोळ्याबरोबरच हलतं ठेवलं, तर काही सेकंदांत ते समोरचं चित्र विरून गेलं. त्या लॅबमधल्या माशाचं सरकतं नळकांडं आणि हे, एकच.

गजनाक

आपल्याकडच्या माशांत असं काही आहे का हो? आपला नोटोप्टेरस पण नाइफफिशच म्हणतात, दिसतो पण तसाच, झालर पण आहे.

सर्किटबाई

दिसतो तसा, पण वीज नाही. आशियातल्या नोटोप्टेरसला वीज सोडता पण येत नाही आणि जाणता पण येत नाही, आफ्रिकेतल्या त्याच्या भाऊबंदांना जाणता तेवढी येते. झालर सारखी म्हणजे नातं सारखं असं नाही. पण मागूर, शिंगाळा वगैरे मिशावाले मासे आणि समुद्रातली मुशी, यांना दुसऱ्या प्राण्यांच्या अंगातून निसटणारी बारीक वीज कळते. स्वतः सोडत नाहीत, फक्त ऐकतात.

टाकीवेडा

आज रात्रीपासून परत सुरू केलंय, पाण्याला हात नाही लावलेला, शंकासुरांच्या साक्षीने लिहितोय. जुना अॅक्रिलिक पाइप परत टाकलाय, चार दिवसांनी पीव्हीसी.

एक गोष्ट मात्र आत्ताच बघितली ती सांगतो. अंधार केला आणि एक ब्लडवर्म लांब चिमट्याने पाण्यात सोडला. अळी खाली येत होती आणि हा मान खाली घालून तिरका तिच्या खालून जात होता, पाठीवरून अळी अगदी सेंटिमीटरभर लांब. तोंड कधीच पुढे निघून गेलेलं. मला वाटलं चुकली. अळी शेपटीच्या जरा अलीकडे आली असेल तेवढ्यात झालर एकदम उलटी फिरली, मासा वळला नाही, सरळ रेषेत मागे आला, अळी त्याच्या पाठीवरून डोक्याकडे सरकत सरकत बरोब्बर तोंडापाशी, आणि गायब. सेकंद पण लागला नाही. कॅमेऱ्यात आलंय पण काचेवर इन्फ्रारेडची चमक आहे, मधला भाग नीट दिसत नाही, उद्या कॅमेरा तिरका लावून परत करतो आणि टाकतो.

पेटीवाले काका

टाका टाका, नातू वाट बघतोय.